सुग्रीवचा दम

रामायणात बिभीषणाला लंका मिळाली आणि सुग्रीवाला किष्किंधा. उमापूरच्या देवकत्यांच्या घरातही बाप बिभीषण आणि लेक सुग्रीव असेच होते, पण आजोबांनी नावं ठेवताना राज्याचं काही ठरवून घेतलं नसावं. बापाच्या वाट्याला मेंढरं आली आणि मेंढरांमागचा धुरळा आला. त्या धुरळ्यानं त्याची फुप्फुसं खाल्ली. लेकाची फुप्फुसं शाबूत होती, पण ती वापरायची कशी हे त्याला पंचविशी उलटून गेली तरी ठाऊक नव्हतं.

आता श्वास कसा घ्यायचा हे काय शिकवायची गोष्ट आहे का, असं कुणालाही वाटेल. सुग्रीवलाही तसंच वाटायचं.

मेंढरं चालवायची एक रीत असते. एक माणूस पुढं, एक मागं. देवकत्यांच्यात पुढं भामाबाई, म्हणजे सुग्रीवची आई. घोड्यावर संसार लादून, घोड्याचं दावं धरून ती चालायची आणि मेंढरं तिच्या मागं. सगळ्यात शेवटी बिभीषण. मागचा माणूस लंगडं जनावर सांभाळतो, उसात तोंड घालणारं हाकून काढतो, आणि सबंध कळपाच्या खुरांनी उडवलेली माती खातो. दिवाळी झाली की माजलगावच्या धरणाकडं खाली उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या आधी परत वर यायचं. त्या सगळ्या वाटेची माती बिभीषणानं तरणा झाल्यापासून नाकातोंडानं आत नेली होती.

सुग्रीव चालायला लागला तसा तोही बापाबरोबर मागंच असायचा. ठसकून ठसकून रडायचा. तेव्हा बिभीषणानं त्याला आयुष्यातलं पहिलं शिक्षण दिलं.

"धुरळा आला की दम धर. नाकबी बंद, तोंडबी बंद. धुरळा गेला की आ करून मोठा घे."

पोरगं हुशार निघालं. ग म भ न येण्याआधी त्याला हे आलं. मातीचा ढग दिसला की छाती आपोआप कुलूपबंद. ढग सरला की तोंड उघडून हपापल्यासारखा एक घोट. पुढं शाळेसाठी तो आजीकडं गावात राहिला, गेवराईला बारावीपर्यंत गेला, पण हे कुलूप तसंच राहिलं. ते आहे हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. माणसाला आपला श्वास दिसतो थोडाच?

आपल्या भाषेत दम हा शब्द एकटाच आहे, पण त्याला कामं फार. माणूस दम धरतो, दम खातो, दुसऱ्याला दम देतो, त्याला दम लागतो, आणि शेवटी त्याचा दम निघतो. सुग्रीवला दम लागायचा. तोही नेमका पोलीस भरतीत, सोळाशे मीटरच्या शेवटच्या चकरेत.

आधीच्या भरत्यांत असंच झालं होतं. उंची भरायची, छाती भरायची, गोळा बरा जायचा. पळायला लागला की पहिल्या चकरेत हा सगळ्यांच्या पुढं. मग मागचे गाठायचे, हा घोळक्यात सापडायचा, आणि शेवटाला कुणी छातीत वाळूचं पोतं उतरवल्यासारखा थांबायचा. गावानं त्याला न मिळालेली नोकरी परस्पर देऊन टाकली होती. टपरीवर पोरं त्याला हवालदारच म्हणायची.

"या हवालदारसाहेब, आज कुनाला आत टाकलं?"

"तुला टाकणार व्हतो, पर तुरुंगात चहा उधार देत न्हाईत म्हनं," सुग्रीव म्हणायचा. तोंडाला तो कमी नव्हता. दमाला कमी होता.

अशात बिभीषणाचा खोकला वाढला. बीडला छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडं धरला आणि विचारलं, "बिडी किती ओढता?"

"शिवलो न्हाई कधी," बिभीषण म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा माज होता. तो माळकरी होता.

"मग काय करता?"

"मेंढरं."

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, बाबा, औषध देतो, पण खरं औषध एकच. धुरळ्यातून बाजूला व्हा. नाही झालात तर दोन-चार वर्षांत नाकाला नळी लागेल आणि खाटेवरून उठणं होणार नाही.

परत येताना एस्टीत बिभीषण खिडकीतून बाहेर बघत बसला. गेवराई जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "मेंढरांच्या मागं मेंढरंच चालली असती तर लई बरं झालं असतं."

घरात सगळं स्पष्ट होतं. सुग्रीवला नोकरी लागली तर मेंढरं विकायची आणि आबांनी घरी बसायचं. नाही लागली तर मेंढरांशिवाय घरात दुसरं काही नाही. आणि वयाच्या अटीनं सुग्रीवची ही भरती शेवटची. त्यानं तर भरतीचा नाद सोडून सरळ काठी हातात घ्यायची तयारी केली होती. बिभीषणानं ती घेऊ दिली नाही.

"तू पळ. तुझं शेवटचं हाय. तवर मी चालतो."

"आबा, डॉक्टर काय म्हनले?"

"डाक्टर म्हनले दोन-चार वर्सं. भरतीला काय दोन-चार वर्सं लागत्यात व्हय?"

म्हणजे सुग्रीव ज्या ज्या दिवशी पळायला जाणार, त्या त्या दिवशी त्याचा बाप त्याच्या वाटची माती खाणार. हा हिशोब कुणी बोलून दाखवला नाही. त्याची गरज नव्हती.

गेवराईच्या वाटेवर सोमेश्वर सरांची अकॅडमी होती. अकॅडमी म्हणजे एक भाड्याचं वावर, पत्र्याचं शेड, आणि रस्त्यावरून दिसेल असा बोर्ड, ज्यावर भरती झालेल्या पोरांपेक्षा सरांचा फोटो मोठा होता. सर मिलिटरीतून आले होते. मिलिटरीत त्यांनी काय केलं हे ते दरवेळी वेगळं सांगत, पण पोरं पळवण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. ते मोटरसायकलवर पोरांच्या शेजारून चालत आणि एका हातानं शिव्या देत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी गाडी सुग्रीवच्या अंगाशी आणली आणि वाकून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सुग्रीव, तू श्वास कावून घेत न्हाईस बे?"

"घेतो की सर."

"कवा? सणावारी?"

मागची पोरं हसली. सरांनी त्याला थांबवलं, एकट्याला पळवलं. एकटा पळताना तो ठीक होता. मग घोळक्यात घातलं. वावरातली माती, पुढच्यांच्या बुटांनी ती उडत होती, आणि ढग तोंडासमोर आला की सुग्रीवची छाती बंद. तो तसाच कितीतरी पावलं पळायचा, मग आ करून एक घोट, पुन्हा बंद. त्याचा त्याला पत्ताच नव्हता. सरांनी मोबाइलवर शूटिंग करून दाखवलं तेव्हा तो स्वतःकडं परक्यासारखा बघत राहिला.

"हे तुला कुनी शिकिवलं?"

"आबांनी," सुग्रीव म्हणाला, आणि सांगितल्यावर त्याला कसंतरी झालं. बापानं आपल्याला जीव वाचवायला दिलेली ती गोष्ट होती.

सर पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाले, "बरोबर शिकिवलं त्यांनी. पर ते मेंढरामागचं हाय. हितं त्याच्यानं तू मरशील."

मग शिकवणी सुरू झाली. शेडमध्ये उताणं झोपायचं. पोटावर वीट, छातीवर रुपयाचं नाणं. नाकानं श्वास घ्यायचा असा, की वीट वर चढली पाहिजे आणि नाणं हललं नाही पाहिजे. नाणं पडलं की एक चक्कर जास्त. सर सांगायचे, छातीच्या वरच्या वरच्यानं घेतलेला श्वास म्हणजे दारातनं परत गेलेला पाहुणा. तो आत माजघरात आला पाहिजे, पोटापर्यंत. आणि घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. जुनी हवा पुरती बाहेर काढली नाही, तर नवी येऊन बसणार कुठं? सुग्रीवचं नाणं पडायचं, पडायचं, आणि पडायचं. एवढ्या चकरा त्यानं भरतीतसुद्धा मारल्या नव्हत्या.

त्याहून वाईट म्हणजे पाण्याचा घोट. तोंडात पाणी भरायचं आणि ते न गिळता, न सांडता, नाकानंच श्वास घेत पळायचं. परत आल्यावर सरांच्या समोर थुंकून दाखवायचं. पहिल्या दिवशी त्यानं ते गिळलं. दुसऱ्या दिवशी शिंकला. नाक अपुरं पडलं तर वेग कमी कर, पण तोंड उघडू नको, असा हुकूम होता. म्हणून तो इतका हळू पळायला लागला, की गावातून जाताना म्हाताऱ्या बाया त्याला मागं टाकायच्या. टपरीवरच्या पोरांना तर पर्वणीच. त्यांना कळलं होतं की याच्या तोंडात पाणी आहे, उलट बोलता येत नाही.

"हवालदार, मौनव्रत हाय का?"

"आरं, सासरवाडीला चाललाय, आत्तापासनं गप बसायची सवय लावतोय."

"बोल की बे! का आमी बोलण्याच्या लायकीचे न्हाईत?"

सुग्रीवचे डोळे मोठे व्हायचे, गाल फुगलेले, आणि तो कासवाच्या चालीनं निघून जायचा. नुसत्या शिव्या साठवून माणसाला एवढी ताकद येत असेल, तर त्याची ताकद त्या दिवसांत फार वाढली.

पण खरंच काहीतरी बदलत होतं. सकाळी उठल्यावर तोंड कोरडं पडायचं, ते थांबलं. झोपेत घोरायचा, ते थांबलं. भामाबाई म्हणाली, "रातच्याला मला वाटलं, घरात न्हाईसच." मग हळूहळू नाक पुरायला लागलं. तीन पावलांत आत, तीन पावलांत बाहेर, आणि वेग वाढला की दोनात आत, दोनात बाहेर. पायांची आणि श्वासाची एक लय जमली, जशी ओवी आणि जात्याची जमते. घोळक्यातली माती आली तरी कुलूप लागेना. आणि एक दिवस शेवटच्या चकरेत त्याच्या लक्षात आलं, की छातीत वाळू नाही. उलट काहीतरी शिल्लक आहे. त्यानं ते काढलं.

सोमेश्वर सरांनी घड्याळाकडं बघितलं. घड्याळ मांडीवर आपटलं. पुन्हा बघितलं.

"पैकीच्या पैकी हायत बे," ते हळू आवाजात म्हणाले, जसं काही मोठ्यानं बोललं तर ते आकडे पळून जातील.

शिकलेलं घरी आणायची खोड सुग्रीवला होती. मेंढरं तेव्हा उमापूरच्याच शिवारात होती. संध्याकाळी त्यानं आबांना समोर बसवलं.

"आबा, गरम चहा फुंकताना ओठांचा चंबू करतो ना, तसा करा. नाकानं घ्या, आन् चंबूतनं हळूहळू सोडा. घाई न्हाई करायची."

"श्वास घ्यायला बी क्लास निघाला व्हय?" बिभीषण म्हणाला. "इतकी वर्सं मी बिगरक्लासचाच घेतला."

"म्हनूनच तर ही गत," भामाबाई चुलीपासून म्हणाली. "पोरगं सांगतंय ते करा. घरात एक तरी मास्तर झाला."

बिभीषणानं केलं. आधी चेष्टा म्हणून केलं, मग गरज म्हणून. मेंढरांच्या वाड्यापासून घरापर्यंत यायला तो मध्ये दगडावर बसायचा, ते बसणं सुटलं. खोकल्याची उबळ आली की घाबरून हवा ओढायचा, ती सवय गेली. चंबू करायचा, सोडायचा, थांबायचा, आणि उबळ आपोआप निवायची. पण खोटं कशाला सांगा? आत बसलेली माती काही चंबूनं निघत नसते. गळकी घागर कशी धरायची हे कळलं म्हणून ती गळायची थांबत नाही. बिभीषण वाळत चालला होता ते सुग्रीवला दिसत होतं, आणि बिभीषण रोज काठी घेऊन मेंढरांच्या मागं जात होता.

भरतीची तारीख आली. मोहनराव नावाचा गेवराईचा मेंढरांचा व्यापारी येऊन कळप बघून गेला. जनावरांच्या पाठीवर हात दाबून त्यानं मान डोलावली. बोलणं झालं. सुग्रीवचं काय होतं ते कळवायचं, आणि मग गाडी घेऊन यायचं, असं ठरलं. त्या दिवसापासून बिभीषण एकेका मेंढीला नावानं हाक मारून बघत होता. त्या अजून त्याचं ऐकतात का, हे तो तपासत असावा.

बीडच्या मैदानावर पोरांच्या रांगाच रांगा होत्या. आधी उंची, मग छाती, मग कागदं, आणि या सगळ्यातून पार पडला तोच पळणार. सोमेश्वर सर कुंपणाबाहेर उभे होते, घड्याळ खिशात. सुग्रीव निवांत होता. उंची आणि छाती ही त्याच्या लेखी दारावरची माणसं होती. त्यांनी त्याला कधी अडवलं नव्हतं. सरांनीही त्याची छाती मोजायची कधी आठवण काढली नव्हती. कारण आधीच्या भरत्यांत तो कोंबड्यासारखी छाती काढून, खांदे कानाला लावून श्वास भरायचा. तो श्वास पळायला निकामी होता, पण टेपला फार आवडायचा.

छातीचा नियम साधा. न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर तरी पाहिजे, आणि फुगवल्यावर त्याच्यापेक्षा पाच जास्त.

मोजणारा शिपाई सकाळपासून उघड्या अंगांना टेप गुंडाळून कंटाळला होता. सुग्रीवच्या पाठीमागं टेप वाकडी झाली. ती सरळ करायला तो मागं गेला आणि जाता जाता म्हणाला, "दम धर जरा."

थांब जरा, एवढाच त्याचा अर्थ. रोज हजारदा माणसं एकमेकांना म्हणतात. चहाला वेळ लागला तर म्हणतात, बस हुकली तर म्हणतात. पण ते शब्द कानावर पडले आणि सुग्रीवच्या आत जे पहिलं शिक्षण होतं ते जागं झालं. मैदानावर पोरं पळत होती, माती उडत होती, मनात धाकधूक होती. त्यानं मोठा श्वास भरला, आणि धरला.

"त्र्याऐंशी," शिपायानं सांगितलं. दुसऱ्यानं लिहिलं. "हां, आता फुगव."

कुठं फुगवणार? घर आधीच भरलं होतं. सुग्रीवनं खांदे उचलले, तर एकानं ते वरून दाबले.

"पंच्याऐंशी. दोनच वाढली. बाजूला हो."

"साहेब, तुमी दम धर म्हनलात..."

"मग? न म्हनलं असतं तर पळून चालला व्हतास काय?"

रांगेत हसू फुटलं. सुग्रीवला एकदम सगळं समजलं. दम धर म्हणजे मी दम धरला, असं कुणाला सांगायचं असतं?

अपील असतं. दुसऱ्या टेबलावर एक वयस्क साहेब होते. त्यांनी त्याला आधी पाणी प्यायला लावलं. म्हणाले, घाबरू नको, सगळी हवा सोड. सुग्रीवनं सगळी सोडली, अगदी चंबू करून. रोजच्या पळण्यानं अंगावर मांस राहिलं नव्हतं. टेप जेमतेम एकोणऐंशीला टेकली.

"पास. आता मोठ्यात मोठा घे."

त्यानं घेतला. आयुष्यात घेतला नव्हता एवढा मोठा श्वास घेतला. नाकानं घेतला, सावकाश घेतला, आणि तो सरळ खाली माजघरात गेला. पोट ढोलासारखं पुढं आलं. छाती, जिच्यावर कितीतरी महिने नाणं ठेवलं होतं, ती शहाण्यासारखी जागच्या जागी राहिली.

"पोट न्हाई रे. छाती."

पुन्हा घेतला. पुन्हा तिकडंच गेला. जिना उतरणाऱ्याला कुणी विचारावं, कुठलं पाऊल आधी टाकतोस, आणि त्याचा तोल जावा, तसं झालं. पूर्वी आपण कसा घ्यायचो ते तो आठवत होता आणि अंग ते विसरून बसलं होतं. साहेबांनी तिसऱ्यांदाही संधी दिली. तेव्हा घाम आला होता, आणि मध्येच ठसका लागला.

"चारच भरतेय," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. "योगाबिगा करतोस काय?"

"पळतो साहेब."

"मग पळ," मागचा शिपाई म्हणाला.

आणि त्यानं सुग्रीवच्या हातातल्या बनियनवरचा नंबर काढून घेतला.

कुंपणाबाहेर सोमेश्वर सरांनी त्याला येताना बघितलं आणि खिशातलं घड्याळ काढलंच नाही. सुग्रीवनं सांगितलं. सर ऐकता ऐकता फुटपाथच्या कडेवर खाली बसले. शिव्या देणारा तो माणूस, त्याला त्या वेळी एक शिवी सापडेना.

"छाती मी मोजायलाच पायजे व्हती बे," ते म्हणाले. "एक दिवस. टेप शेडातच हाय."

"माझी कधी कमी पडली नव्हती सर."

"म्हनून तर." मग सवयीनं म्हणाले, "बरं, पुढच्या भरतीला..." आणि त्यांनी जीभ चावली.

आत शिट्टी वाजली. पहिली तुकडी सुटली. सुग्रीव थोडा वेळ बघत राहिला. सगळ्यात पुढचा पोरगा तोंड आ करून पळत होता आणि शेवटच्या चकरेत त्याचे पाय बसले. तरी तो आतल्या बाजूला होता. सुग्रीव बसस्टँडकडं निघाला.

उमापूरला उतरल्यावर तो घरी गेला नाही. ऊन कलतं होतं, मेंढरं माळावर असणार. आबा बाभळीच्या बुडाला बसले होते. त्यांनी लांबूनच चाल ओळखली असेल, पण विचारायचं ते विचारलं.

"पळालास का चांगला?"

"पळूच दिलं न्हाई."

सुग्रीवनं सगळं सांगितलं. दम धर पण सांगितलं. ते शब्द त्याला आधी कुणी शिकवले, ते तो बोलला नाही. बिभीषण जमिनीकडं बघत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी श्वास नीट घ्याया लागलास म्हनून काढलं?"

"तसंच म्हना."

बिभीषणाला हसू आलं. खरंच आलं, आणि हसता हसता त्याचा खोकला झाला. तो वाकला, हात गुडघ्यांवर टेकले, ओठांचा चंबू केला आणि हळूहळू, लेकानं शिकवलं होतं तसं, सोडत राहिला. सुग्रीव त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. बराच वेळ लागला.

"उद्यापासनं मागं मी," सुग्रीव म्हणाला.

"न्हाई."

"आबा, आता काय राहिलंय..."

"तू पुढं व्हय. घोडं धर, माय घरी राहील." बिभीषण श्वासाला थांबत थांबत बोलत होता. "माझी फुप्फुसं तर गेलीच हायत. तुझी आत्ता कुठं नीट झाली. ती कशाला घालवायची?"

"डॉक्टर म्हनले..."

"डाक्टर येत न्हाई मेंढरामागं. मोहनरावाला फोन लाव. त्यो गाडी सांगून बसला असंल."

सुग्रीवनं फोन लावला. मोहनराव कुठल्यातरी बाजारात होता, मागं जनावरांचा कालवा चालला होता.

"मालक, उमापूरहून सुग्रीव. मेंढरं देत न्हाई आमी."

"कावून? लागला न्हाईस का?"

"न्हाई."

"पुन्हा दम लागला?"

सुग्रीवनं आबांकडं बघितलं. ते माळावर कुठंतरी बघत होते. पैकीच्या पैकी मार्कांचं पळणं फक्त सोमेश्वर सरांच्या घड्याळात होतं, आणि टेपची सगळी गोष्ट सांगायची तर ती लांब होती. ती टपरीवर सांगायची, मग पाहुण्यांत सांगायची, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच हसू येऊ द्यायचं.

"हां," तो म्हणाला. "दम लागला."

"वाटलंच मला," मोहनराव म्हणाला. "बरं, दोन एडके तरी देतो का? ते तुझ्या बाला इचार."

सुग्रीवनं फोन आबांच्या हातात दिला.